तारीख दोन महिन्यांनी हुकली

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त अव्वल कारकुनाची उत्तरं

प्रश्न : नमस्कार. माझं वय एकाहत्तर. मुलगा २०११ साली कंपनीतर्फे अमेरिकेला गेला, तो अजून एच-वन-बीवरच, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच आहे. ग्रीन कार्डाच्या, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याच्या रांगेत तो उभा राहिला ती तारीख फेब्रुवारी २०१५. कुठल्या तारखेपर्यंतच्यांचा नंबर आला ते सांगणारं तिकडचं बुलेटिन दर महिन्याला निघालं की तो फोन करतो, आणि त्याच्या नुसत्या ‘आई’ म्हणण्यावरून मला कळतं की काही सरकलेलं नाही. २०२२ मध्ये तारीख डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. पेढे किती किलो आणायचे इथवर आमचं ठरलं होतं. पुढच्याच महिन्यात ती मागे गेली. २०२३ च्या श्रावणात हे गेले, तेव्हा मुलाच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता. इथे आला असता तर परत जाण्याआधी मुंबईत नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग करावं लागलं असतं, त्याची तारीख मिळेना, आणि तिकडे नोकरी. दिवस पुतण्यानं केले. मुलगा मोबाईलच्या पडद्यावर होता. नात पुण्यात जन्मलेली, आता अकरावीत. ती एकवीस वर्षांची झाली की बापाच्या अर्जातून गळणार म्हणे. धाकटा नातू तिकडे जन्मला, तो मात्र अमेरिकन! एका घरात दोन न्याय कसे? आमची सोसायटी पुनर्विकासाला चालली आहे, तिथेही मुलाची सही अडली आहे. मी देव पाण्यात ठेवून बसले आहे. ओळखीतले एक गृहस्थ सांगतात की तीन लाख दिले तर दिल्लीतला एक जण फाईल हलवतो. देऊ का? – एक आजी, कोथरूड

उत्तर : ताई, आधी पैशांचं. एक रुपयाही देऊ नका. मी चौतीस वर्षं तहसील कचेरीच्या खुर्चीवर बसलो आहे. फाईल हलवायला ती आधी कुणाच्या तरी टेबलावर पडलेली असावी लागते. तुमच्या मुलाची कुणाच्याच टेबलावर नाही, आणि दिल्लीत तर नाहीच नाही. ती एका आकड्याखाली दबली आहे.

तो आकडा सांगतो. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यानं नोकरीच्या आधारे द्यायची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवली. तुम्ही लिहिलेल्या तारखांवरून मुलगा दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ईबी-टूमध्ये दिसतो. तिच्या वाट्याला त्यातली ४०,००० च्या आसपास. त्यातही कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत. हिशेब केला तर आपल्या लोकांना वर्षाला साधारण २,८००, इतर देशांची उरली तर वर थोडी. शिवाय बायको-मुलंही याच आकड्यात धरतात. तुमचा मुलगा, सून आणि नात मिळून तीन.

शंभर पानांची पंगत मांडली आहे आणि यजमान म्हणतो, एका गावची सातच माणसं बसतील. आइसलँडची अख्खी वस्ती चार लाखांच्या आत, त्यांनाही सात आणि आपल्यालाही सात. आणि गाव धरतात ते जन्माचं, पासपोर्ट कुठला ते बघत नाहीत. आमच्या नात्यातला एक मुलगा अस्सल नारायण पेठेतल्या आईबापांचा, पण वडील नोकरीला मस्कतला असताना तिथे जन्मलेला. तो ओमानच्या पानावर बसला आणि जेवून उठलासुद्धा. त्याच्या बरोबरीनं कॉलेजात असलेले अजून हात धुऊन उभे आहेत.

आता २०२२ चं. कोविडमध्ये वकिलाती बंद पडल्या, त्यामुळे कुटुंबाच्या कोट्यातली बरीच कार्डं वापरलीच गेली नाहीत. कायद्यानं ती पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात येतात. ३० सप्टेंबर २०२२ ला संपलेल्या त्यांच्या सरकारी वर्षात १,४०,००० ऐवजी जवळजवळ दुप्पट कार्डं होती, म्हणून तारीख धावत डिसेंबर २०१४ वर आली. १ ऑक्टोबरला नवं वर्ष लागलं, जादाचा साठा आटला आणि तारीख एप्रिल २०१२ वर घसरली. पुढच्या वर्षी तर जानेवारी २०११ पर्यंत मागे गेली. तुमच्या मुलाचा अर्ज चुकला नाही, वकील झोपला नाही, तुमचे पेढेही नडले नाहीत. दोन महिने कमी पडले, एवढंच. मला विचाराल तर पंगत कधी वाढलीच नसती, तरी एवढं लागलं नसतं.

तुम्ही तीन लाखांचं विचारलंत तेव्हा मला माझी खुर्ची आठवली. मीही लोकांना ‘सोमवारी या’ म्हणालेलो आहे, ताई, आणि सोमवारी साहेब दौऱ्यावर आहेत हे मला शुक्रवारीच माहीत असायचं. तसल्या रांगेत भांडावं, अर्जावर अर्ज टाकावा, माहिती अधिकार लावावा. समोर माणूस बसलेला असतो आणि त्याला लाज वाटू शकते. तुमच्या मुलाच्या रांगेला खिडकीच नाही. तिथला कायदा तिथली संसद बदलेल तेव्हा बदलेल.

नातीचं मात्र आत्ताच बघा, तिथे घड्याळ चालू आहे. तिचं वय मोजताना मुलाच्या आय-१४० अर्जाला (कंपनीनं ग्रीन कार्डासाठी त्याच्या नावे केलेला अर्ज) मंजुरी मिळायला जेवढे दिवस लागले तेवढे वजा होतात, हे २००२ च्या तिकडच्या कायद्यात आहे. पण हे वय ठरतं तारीख लागेल त्या दिवशी. ती लागली नाही आणि पोरगी एकविसाची झाली, तर तिला स्वतःच्या शिक्षणाच्या व्हिसावर जावं लागेल. मुलाला वकिलाशी हे आजच बोलायला सांगा, बारावीनंतर नको. आणि दोन न्यायांचं म्हणाल, तर अमेरिकेच्या घटनेतल्या चौदाव्या दुरुस्तीमुळे नातू जन्मतःच नागरिक झाला. त्या घरात आज सगळ्यात पक्का कागद त्या सहावी-सातवीतल्या पोराकडे असणार. हसू येतं आणि येतही नाही.

पुनर्विकासाची सही ही तुमच्या हातातली गोष्ट. त्यासाठी त्यानं इथे यायची गरज नाही. तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून पाठवू द्या. पाकीट इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. लोक ते कपाटात ठेवतात आणि चौथ्या महिन्यात बिल्डरचा माणूस दारात आला की घाबरतात. मसुदा बिल्डरकडून घेऊ नका, आपल्या वकिलाकडून करा. ‘विक्रीचे सर्व अधिकार’ असली ओळ त्यात नको.

प्रश्न : मुलगी अमेरिकन नागरिक झाली आणि तिनं आम्हा दोघांचे ग्रीन कार्डाचे अर्ज भरले. रांग नाही म्हणाले होते, तरी वर्ष उलटून गेलं. आता सौ.चा जन्मदाखला मागतात. ती १९५१ मध्ये आजोळी, वाई तालुक्यात जन्मली. माहेरचं नाव कुसुम. लग्नात मी ताटातल्या तांदळात अंगठीनं वैशाली लिहिलं, तेव्हापासून सगळीकडे वैशाली. शाळेचा दाखला कुसुमचा, पासपोर्ट वैशालीचा, दाखला मिळत नाही तो दोघींचाही. कागदावर मला दोन बायका आहेत. – एक त्रस्त नवरा, सिंहगड रोड

उत्तर : तुमचं पत्र वाचून आमच्या घरातही हशा पिकला, कारण आमची मंडळीही माहेरी निराळ्या नावाची. तांदळात नाव लिहिताना कुणी सांगत नाही की पन्नास वर्षांनी ते एका परक्या अधिकाऱ्याला समजावून द्यावं लागेल. घाई नाव बदलायची, आणि नोंद करायची आठवण कुणालाच नाही!

रांग नाही हे खरं आहे. एकवीस वर्षांवरच्या नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक कोटा लागत नाही. पण अर्ज तपासायचा वेळ लागतोच, आणि पुढचे महिने कागद अपुरे असले की जातात. म्हणजे तुमच्या रांगेला खिडकी आहे.

पहिलं, जन्म. ज्या गावी जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि नोंद नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला घ्या. तोंडी ‘नाही’ ऐकून परत येऊ नका. ‘नाही’ सुद्धा शिक्क्यासकट हवं. मी मंडळींसाठी गेलो तेव्हा ग्रामसेवक तीनदा भेटले नाहीत. चौथ्यांदा भेटले ते पाराजवळ, आणि शिक्का त्यांच्या गाडीच्या डिकीत होता.

मग तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. याला लोक कोतवाल बुक म्हणतात. पूर्वी गावातले जन्म-मृत्यू यातच लिहीत. जुनी पानं मोडीत असतात, तुमच्या सौ.च्या सालची बहुधा बाळबोधीत सापडतील. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून ही बुकं पुष्कळ ठिकाणी बाहेर काढली गेली, तेव्हा आता ‘उंदरांनी खाल्लं’ हे उत्तर सहजी मानू नका. एक तयारी ठेवा : त्यात बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढीच ओळ. मी ती ओळ शोधली तेव्हा रकान्यात सासऱ्यांचं नाव, तारीख आणि ‘स्त्री’ एवढंच होतं. बायकोला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे तेव्हा मला एकही नाव नव्हतं, आणि आता दोन आहेत.” तर ती नक्कल, शाळा सोडल्याचा दाखला आणि तिच्याहून वडील अशा दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं, हा गठ्ठा अनुपलब्धतेच्या दाखल्याला जोडायचा. वडीलधारं कुणी हयात असेल तर सही या आठवड्यातच घ्या. हे उद्धटपणानं म्हणत नाही. आम्ही एका आत्याबाईंकडे दिवाळीनंतर जाऊ म्हणालो होतो.

दुसरं, नाव. कुसुम आणि वैशाली एकच, हे विवाह नोंदणीच्या दाखल्यात दोन्ही नावांनिशी आलं तर उत्तम. जुनं लग्नसुद्धा आज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदता येतं. लग्नपत्रिका आणि तीन साक्षीदार लागतात. भटजींची सहीही मागतात. तुमचे भटजी आता कुठे असणार ते मी समजू शकतो, त्यांच्याऐवजी प्रतिज्ञापत्र चालेल का ते खिडकीवर आधी विचारून घ्या. लग्नपत्रिकेवर कुसुमच असणार, ती जपून ठेवली असेल तर सोनं आहे. राजपत्रात नावबदल छापून घेण्याचाही मार्ग आहे, अर्ज ऑनलाइन होतो.

आणि स्पेलिंग. वैशालीतला ‘श’ एका कागदावर एस आणि एच, दुसऱ्यावर नुसता एस, असं असेल तर मुलाखतीला मुंबईच्या वकिलातीत जाण्याआधी पुण्यातच निस्तरा.

प्रश्न : भावानं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. जुन्नरच्या शेतीतला त्याचा हिस्सा गेला का? – एक भाऊ, चिंचवड

उत्तर : गेला नाही. परदेशी नागरिकत्व स्वीकारलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदान जातं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) घेतलं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली मात्र राहते. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे ना ते बघा, आणि ‘आता तो परदेशी झाला’ म्हणून ते काढायला कुणी सुचवत असेल तर तो कोण आहे तेही बघा.

एक सूचना : मूळ कागद टपालानं पाठवू नका, झेरॉक्स पुरे. गेल्या महिन्यात कुणीतरी १९६१ चा शाळा सोडल्याचा मूळ दाखला पाठवला आहे. पत्रावर नाव नाही, पत्ता नाही, पाकिटावर डेक्कन जिमखाना पोस्टाचा शिक्का. दाखला तिसरीतून शाळा सोडलेल्या एका मुलीचा आहे, कारणाच्या रकान्यात ‘घरकाम’ असं लिहिलं आहे. तो मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे. ज्यांचा असेल त्यांनी अंकाच्या कचेरीत सांगून घेऊन जावा.