‘स्वप्न पडलं’ आणि ‘स्वप्न पाहिलं’ यांत फरक काय?

फरक आहे, आणि तो जपावा असं मला मनापासून वाटतं. झोपेत आपोआप दिसतं ते ‘पडतं’: मला रात्री स्वप्न पडलं. इथं आपण काही करत नाही, म्हणून ‘मी’ नाही, ‘मला’. जागेपणी मनात धरलेली इच्छा मात्र आपण ‘पाहतो’ किंवा ‘रंगवतो’: तिनं डॉक्टर व्हायचं स्वप्न पाहिलं. ‘मला डॉक्टर व्हायचं स्वप्न पडलं’ म्हटलं, तर ती फक्त रात्रीची गोष्ट होते.

आपल्या नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे ‘स्वप्न आलं’ किंवा ‘सपना पाहिला’ सर्रास ऐकू येतं. बोलताना चालतं, पण लिहिताना ‘पडलं’च लिहा, आणि लिंगही सांभाळा: सपना पुल्लिंगी, स्वप्न नपुंसकलिंगी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ‘मले सपन पडलं’ यात क्रियापद आणि लिंग दोन्ही अगदी बरोबर आहेत. त्याला अशुद्ध म्हणून हिणवू नका.

मूळ संस्कृत धातू ‘स्वप्’, म्हणजे झोपणे. संस्कृतात ‘स्वप्न’चा अर्थ झोप असाही होतो. इच्छेचा अर्थ त्यामानाने नंतरचा, पण ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ या म्हणीत मनातली इच्छा आणि झोपेतलं स्वप्न शेजारी बसलेत.