कोचचा मेल कोणाला आला?

"ताई, कोचचा मेल आलाय. म्हणजे ॲडमिशन झाल्यातच जमा ना?"

अमेरिकेतल्या कॉलेजांचे कोच आपल्या संघासाठी शाळकरी खेळाडू शोधतात, आणि मी कॉलेज प्रवेशाची समुपदेशक. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये हमखास येतो. खेळ बदलतो. कधी पोहणं, कधी टेनिस, हल्ली फेन्सिंग, म्हणजे तलवारबाजी, फार. पुण्या-मुंबईहून स्क्वॉशवाल्या आईवडिलांचे फोन येतात ते वेगळेच. विचारतात बहुतेक वेळा वडील, आणि ज्याच्याबद्दल विचारायचं ते पोर शेजारी बसून नखं कुरतडत असतं. म्हणून एकीबद्दल लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला ईरा म्हणू.

ईरा अकरावीत होती, फेन्सिंगच्या तीन शस्त्रांपैकी सेबर खेळायची. पहिल्या भेटीला वडील 27 मेल छापून घेऊन आले. प्लास्टिकचं फोल्डर, कॉलेजवार रंगीत चिठ्ठ्या. "गेल्या वर्षी आम्हाला बी रेटिंग मिळालं," ते म्हणाले, "यंदा आम्ही ए काढणार." (फेन्सिंगमध्ये खेळाडूंना ए ते ई अशी रेटिंग असतात, ए सगळ्यात वरचं.) मी वहीत फक्त 'आम्ही' लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. कुटुंब माझ्यासमोर बसलं की त्यांचा प्रश्न मी जरा उशिराच ऐकते. आधी वाक्याचा कर्ता कोण आहे ते ऐकते. इतक्या वर्षांत या सवयीने मला क्वचितच चकवलंय.

त्यांनी एक आकडा पाठ करून आणला होता, 86 टक्के. आकडा खरा आहे. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरचा जो खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2023 मध्ये निकाली निघाला, त्यात कॉलेजची सहा वर्षांची आतली आकडेवारी बाहेर आली. कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्क्यांना प्रवेश मिळाला होता. बाकीच्या अर्जदारांत हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास. अर्जदारांमध्ये हे खेळाडू 1 टक्कासुद्धा नव्हते, प्रवेश मिळालेल्यांमध्ये मात्र 10 टक्क्यांहून जास्त.

"मग झालं की!" वडील म्हणाले.

"हे 86 टक्के कोणाचे?"

"खेळणाऱ्यांचे."

"नाही. बोहल्यावर चढलेल्यांचे. बोहल्यावर चढलेल्यांपैकी किती जणांचं लग्न लागलं असं विचारलं, तर आकडा मोठाच येणार."

ईरा पहिल्यांदा हसली तेव्हा.

हे जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गल्लत इथेच होते. 'आमचा फॉर्म भरा', 'उन्हाळी कॅम्पला या' असे मेल म्हणजे वधू-वर सूचक मंडळाचं पत्रक. ते गठ्ठ्याने जातात, आणि कॅम्पला पैसे पडतात. कोचने स्वतः फोन केला, स्पर्धेला येऊन खेळ पाहिला, की कांदेपोहे झाले. पत्रिका जुळवायची ती नंतर. कोच मुलीचे मार्क मागवून प्रवेश कार्यालयाला दाखवतो. लहान कॉलेजांत हे साधारणपणे अकरावी संपल्यावर जुलैपासून सुरू होतं. तिकडून 'हरकत नाही' आली तरी कोचकडे वजन टाकायला मोजकीच नावं असतात, आणि त्यातलं एक त्याने तुमच्या मुलीवर खर्च करायला हवं. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित विद्यापीठांत) त्यानंतर, ऑक्टोबरपासून, 'प्रवेश मिळेल असं दिसतं' हे पत्र येऊ शकतं. साखरपुडा म्हणायचा तो त्याला. (खेळासाठी शिष्यवृत्ती आयव्हीत नसतेच. मदत मिळते ती घरची ऐपत बघून. हे सांगितलं की अनेक वडिलांचा खेळातला रस एकदम ओसरतो.) एमआयटीसारख्या ठिकाणी कोच चांगला शब्द टाकतो, पण राखीव जागा त्याच्या हातात नसते.

कोचच्या एका नावाची किंमत किती, ते 2019 मध्ये सगळ्या अमेरिकेने पाहिलं. श्रीमंत आईबापांनी कोचना पैसे चारून, कधी खेळ न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून आत घुसवलं होतं.

हे सगळं ऐकून वडील घाबरले आणि त्यांनी आणखी 14 कोचना मेल धाडले. माहितीने काळजी कमी होते असं मला कधीच वाटलेलं नाही.

गाठ सुटली ती चौथ्या भेटीत. मी ईराला म्हटलं, "या गठ्ठ्यातला तुला सगळ्यात आवडलेला मेल काढ आणि त्याला तू दिलेलं उत्तर वाचून दाखव." तिने वाचायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदात अडखळली. मग एकेक शब्द सुटा करत वाचलं, "काइंडली… डू… द… नीडफुल."

खोलीत शांतता. ही मुलगी जन्माने जर्सीची, वय 16.

"बाबा, असं इथे कुणीच बोलत नाही," ती म्हणाली. नंतर हळूच, "हे सगळे मेल तुम्हालाच आलेत. मला एकही नाही."

वडील फोल्डरची कड नखाने खरवडत राहिले. मीही गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकाला बोलायचा मोह फार होतो. तो आवरणं हेच अर्धं काम.

मग तिला तीन प्रश्न दिले. माझ्या शस्त्रात या वर्षी तुम्हाला किती मुली हव्यात? तुमच्या यादीत मी कितवी? माझे मार्क प्रवेश कार्यालयाला दाखवाल का? फोन तिने करायचा, स्वतःच्या इंग्रजीत. कोचला हे विचारणं उद्धटपणाचं नाही. त्याला रोज सांगावंच लागतं, पण बहुतेक घरं उत्तराच्या भीतीने विचारत नाहीत आणि 'त्यांना आपल्यात खूप रस आहे' यावर वर्ष काढतात.

फोन माझ्याच ऑफिसातून झाला, वडील बाहेर बाकावर. चार मिनिटं. ती बाहेर आली. "दोन मुली हव्यात. मी चौथी."

"म्हणजे आपण…" वडील म्हणाले आणि थांबले. मग म्हणाले, "तू काही खाल्लंस का?"

तेवढ्या थांबण्यासाठी मी चार भेटी खर्च केल्या होत्या, आणि त्याचा मला आजही आनंद आहे.

त्या फोनमुळे तिला अख्खा उन्हाळा मिळाला. तिने नऊ कॉलेजं निवडली. निकष एकच: उद्या मनगट दुखावलं आणि खेळ सुटला, तरी इथे चार वर्षं राहावंसं वाटेल का? मेल तिने लिहिले, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. त्यातल्या एका लहान कॉलेजच्या कोचने जुलैत मार्क मागवले, ऑगस्टमध्ये 'तुझं नाव देतोय' असं स्पष्ट सांगितलं, आणि तिने तिथेच लवकरच्या फेरीत अर्ज भरला. डिसेंबरमध्ये प्रवेश मिळाला. वडिलांच्या रंगीत चिठ्ठ्यांत ते कॉलेज नव्हतं.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. धाकटा आता टेनिस खेळतो.

"ताई, कोचचा मेल आलाय." थोडं थांबून म्हणाले, "तो शाळेतून आल्यावर बघेल."