गावाची 'राजमुद्रा' म्हणावी का?

प्रश्न असा आला आहे : पोर्तुगालमधल्या एका खेड्याच्या चिन्हात ढाल आहे, ढालीच्या वरच्या बाजूला तीन बुरुजांचा मुकुट आहे. मराठीत याला 'गावाची राजमुद्रा' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. मुद्रा म्हणजे उमटवायचा शिक्का. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' हा श्लोक आहे, चित्र नव्हे. युरोपातलं 'कोट ऑफ आर्म्स', म्हणजे असं ढालीचं चिन्ह, आलं रणांगणावरून. बाराव्या शतकात शिरस्त्राणाने चेहरा झाकला जाऊ लागला, तेव्हा कोण कुणाचा हे ढालीवरच्या आणि चिलखतावरच्या अंगरख्यावरच्या रंगांवरून कळे. लांबून दिसावं म्हणून सोनेरी-रुपेरीवर लाल, निळा, काळा, हिरवा असे रंग, किंवा उलट. लालावर निळा सहसा नाही. पुढे ही रीत घराण्यांकडून शहरांकडे आणि मग खेड्यांकडे गेली. तिथे राजाचा संबंधच उरला नाही.

मुकुटही राजाचा नव्हे, तो तटबंदीचा. पोर्तुगालच्या 1991च्या कायद्याने बुरुज ठरवून दिले आहेत : साध्या गावाला रुपेरी तीन, मोठ्या गावाला चार, शहराला पाच, आणि लिस्बनला पाच सोनेरी. म्हणजे बुरुज मोजले की वस्तीचा दर्जा कळतो. मला ही सोय फार आवडते. ढालीत बहुधा गावचंच काहीतरी असतं : द्राक्षांचा घड, पाणचक्की, तळाशी नदीसाठी निळ्या-पांढऱ्या लाटा.

जुना नेमका शब्द 'लांछन' होता. चालुक्यांचं वराहलांछन, महावीरांचं सिंहलांछन. पण आज 'गावाचं लांछन' लिहाल तर गावकरी चिडतील, आणि ते रास्तच आहे. 'कुलचिन्ह' घराण्यापुरतं ठीक. गावासाठी सरळ 'ग्रामचिन्ह' लिहावं. ढालीचा आकार महत्त्वाचा असेल तर 'ढालचिन्ह'. जुन्या मराठीत ढाल म्हणजे फौजेचं मोठं निशाणही होतं, 'ढालकाठी'त ते अजून टिकलं आहे. त्यामुळे हा शब्द मला जास्तच पटतो.

भाषांतर करताना आणखी एक जपा. पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या चिन्हात चाक दिसतं, ते धर्मचक्र नव्हे. ज्या खिळ्यांच्या चाकावर संत कॅथरीनला मारायचं ठरलं होतं, असं कथा सांगते, ते हे चाक. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा घेतलं, तो तिच्या सणाचा दिवस होता.