वाचकांचे प्रश्न, वाचकांची उत्तरं: कात्रणातली चित्रपट्टी

प्रश्न : 'डून्सबरी' या अमेरिकी राजकीय व्यंगचित्रपट्टीची कात्रणं नातेवाईक पाठवतात. वहीत चिकटवलेली पिवळी पडली. बऱ्याच पट्ट्यांचा संदर्भही लागत नाही. काय करावं?
– एक वाचक, नाशिक रोड

पंचवटीहून : पिवळेपणा कागदातच असतो. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहतं, ते उजेडाने आणि हवेने रंग बदलतं. गेलेला रंग परत येत नाही, म्हणून आधी स्कॅन करा: ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केल (करड्या छटांत). कात्रणामागे काळा कागद ठेवा, नाहीतर पाठीमागची छपाई उमटते. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही नकोच. टेपचा डिंक तपकिरी डाग सोडतो आणि लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही. कात्रणं आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात सुटी ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

गंगापूर रोडहून : संदर्भाचं दुखणं वेगळं. पट्टी २६ ऑक्टोबर १९७० ला सुरू झाली, पण २०१४ पासून नवी फक्त रविवारी येते. रोजच्या जुन्याच पुन्हा छापतात. म्हणजे कात्रणावरची वर्तमानपत्राची तारीख फसवी! मूळ तारीख इंटरनेटवरच्या संग्रहात शोधा आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा. विषयवार लावू नका, कथानक दिवसेंदिवस पुढे सरकतं. पट्टीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश दिसतच नाहीत, नुसता आवाज असतो. त्यांचे उपाध्यक्ष डॅन क्वेल म्हणजे तरंगतं पीस. हे माहीत नसेल तर चौकट रिकामी राहिली असंच वाटतं.