काचेच्या कपाटातली एकच प्रत

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या गावी एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सरांनी दिलेल्या यादीतली पुस्तकं घ्यायची तर साडेतीन हजारांच्या वर जातात. बाबांकडे एवढे पैसे मागायचा धीर होत नाही. ग्रंथालयात सूक्ष्म अर्थशास्त्राचं पुस्तक आहे, पण एकच प्रत, तीही काचेच्या कपाटात. ‘संदर्भ आहे, घरी मिळणार नाही’ म्हणतात. झेरॉक्सवाले काका अख्खं पुस्तक स्पायरल करून साडेतीनशेत देतो म्हणाले. काढून घेऊ का?
– एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर : आधी त्या कपाटाबद्दल बोलते, कारण कॉलेजची ग्रंथपाल म्हणून तशाच कपाटाची किल्ली मी कित्येक वर्षं सांभाळली आहे. नोकरीच्या सुरुवातीला वार्षिक पडताळणीत नऊ पुस्तकं कमी भरली आणि त्यांचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले. तेव्हापासून महाग पुस्तक आलं की पहिल्या पानावर लाल शाईनं ‘संदर्भ’ शिक्का मारायचा आणि कपाटात ठेवायचं, हे ठरूनच गेलं. पुस्तकं सुखरूप राहिली. मुलं मात्र गाइडं वाचून पास होत राहिली, आणि ते माझं चुकलंच.

पुढे एका प्रशिक्षणात कळलं, की केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (2017 च्या नियमांतला 215 वा) वर्षाला हजार पुस्तकांच्या वापरामागे पाच गहाळ होणं रास्त धरलं आहे. त्यात हयगय किंवा लबाडी नसावी, आणि हजार रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक हरवलं तर चौकशी व्हावी, एवढीच अट. नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, पण मी तो ग्रंथालय समितीपुढे ठेवला, ठराव करून घेतला आणि कपाट उघडलं. संदर्भाची पुस्तकं संध्याकाळी पाचला न्यायची, सकाळी साडेदहाला परत आणायची. त्यातल्या एका पुस्तकाच्या खिशातलं कार्ड मला अजून आठवतं. आधीच्या तीन वर्षांत त्यावर दोन सह्या होत्या, दोन्ही शिक्षकांच्या. नंतर एकाच सत्रात सगळ्या ओळी भरल्या आणि मला खाली दुसरं कार्ड चिकटवावं लागलं. पुस्तक एकदाही हरवलं नाही.

तुमच्या ग्रंथपालांच्या मनातही तीच भीती असणार. त्यांच्याशी वाद घालू नकोस. वर्गातल्या चार-पाच जणी मिळून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या, रात्रीपुरतं पुस्तक मागा आणि अर्जात हा नियम लिहा. त्याच वेळी पुस्तकपेढीचं विचार. पुस्तकपेढीत नाममात्र पैसे किंवा अनामत घेऊन सत्रभरासाठी पुस्तकांचा संच देतात. तिची नोटीस सत्राच्या सुरुवातीला लागते आणि बऱ्याच मुलांना ती काढल्यावरच कळते.

आता झेरॉक्स. हा वाद तुझ्याच विषयाच्या दारात झाला होता. 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. शिक्षकांनी नेमलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं ते दुकान एकत्र बांधून देत असे. सप्टेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. त्याच डिसेंबरात खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला पाठवले, पण शिकवण्यासाठी जेवढं लागतं तेवढ्या प्रती काढायला कॉपीराइट कायद्याचं कलम 52 मुभा देतं, हे मान्य केलं. 2017 मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

म्हणजे अभ्यासक्रमात नेमलेली प्रकरणं काढून घ्यायला हरकत नाही. बाजारात मिळणारं अख्खं पुस्तक बांधून घेणं मात्र मी सुचवणार नाही, आणि तुला त्याची गरजही नाही. अभ्यासक्रमाचा कागद घेऊन सरांकडे जा आणि नेमकी प्रकरणं कोणती, ते त्यांच्याकडून खुणा करून घे. जाडजूड पुस्तकातली पाच-सहाच निघतील. मागणी, उत्पादन खर्च, बाजाराचे प्रकार ही प्रकरणं आवृत्ती बदलली म्हणून फारशी बदलत नाहीत, तेव्हा जुनी आवृत्तीही चालेल. कुणी पुण्याला जाणार असेल तर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांची चौकशी करायला सांग.

ग्रंथपालांकडे एन-लिस्टचा युजर आयडी आणि पासवर्डही माग. ई-पुस्तकं ऑनलाइन वाचायची ही सोय कॉलेजांसाठीच आहे, आणि ती गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे ग्रंथालयांना जोडणारं सरकारी केंद्र चालवतं. तुमचं कॉलेज सभासद असेल तर लाखभराहून अधिक ई-पुस्तकं तुला फुकट उघडतात. किती कॉलेजं वर्गणी भरतात आणि मुलांना आयडीच देत नाहीत, याचा मला फार राग येतो. ई-पीजी पाठशाला या एम.ए.च्या पातळीवरच्या सरकारी संकेतस्थळावर अर्थशास्त्राचे पाठ लॉगिनशिवाय मिळतात. हे बहुतेक सगळं इंग्रजीत आहे, म्हणून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि मुंबई विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग यांच्या संकेतस्थळांवरचं अभ्याससाहित्यही पाहा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’चं नाव तू ऐकलं असशील. ती केंद्र सरकारची योजना जर्नल्ससाठी, म्हणजे संशोधनपर नियतकालिकांसाठी आहे. त्यात तुझी पाठ्यपुस्तकं शोधत बसू नकोस.

हे सगळं करून एखादं पुस्तक विकत घ्यावं लागलंच, तर सूक्ष्म अर्थशास्त्राचं घे. ते दोन्ही वर्षं उपयोगी पडतं.

प्रश्न : मी एका छोट्या कॉलेजात नव्याने ग्रंथपाल झालो आहे. खरेदीची रक्कम तुटपुंजी आहे. एका पुस्तकाच्या दहा प्रती घ्याव्यात, की दहा पुस्तकांची एकेक प्रत?
– एक ग्रंथपाल, रायगड जिल्हा

उत्तर : नेमलेलं पाठ्यपुस्तक असेल तर दहा प्रती घ्या. साठ मुलांच्या वर्गात एक प्रत असून नसल्यासारखी. पण मागणीपत्र काढण्यापूर्वी एक काम करा. मे महिन्यात प्रत्येक विषयाची यादी शिक्षकांकडून घ्या आणि प्रत्येक पुस्तकापुढे लिहा : आपल्याकडे किती प्रती, रीतसर फुकट कुठे मिळतं, आणि नाहीच मिळालं तर मुलाला किती रुपये पडतील. जूनमध्ये हा कागद शिक्षकांना परत दाखवा. आमच्याकडे किमतीचा रकाना पाहून दोन प्राध्यापकांनी आपणहून पुस्तक बदललं. यादी लिहिताना किंमत त्यांच्यासमोर कुणी ठेवलीच नव्हती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे 2024-25 पासून पदवीचे अभ्यासक्रम बदलत आहेत, त्यामुळे हे दरवर्षी करावं लागेल.

आणि एक. शेवटच्या वर्षाची मुलं नो ड्यूजची सही घ्यायला तुमच्या टेबलाशी येतातच. सही करताना विचारा, ‘तुझी पुस्तकं रद्दीत जाणार आहेत का?’ पहिल्या वर्षी आमच्याकडे दोन खोकी भरली. एका मुलानं तर बसस्टँडवरून परत येऊन पुस्तकं दिली. पानोपानी पेन्सिलच्या खुणा होत्या, आणि पुढच्या वर्षी मुलं नवीन प्रत बाजूला सारून तीच मागायची.