बेण्याचं आलं खड्ड्यात सडतंय? शेवटचा युरिया कधी दिला ते आधी सांगा

भाऊ, पाला कमरेएवढा, गड्डे टपोरे आणि पुढच्या लागवडीला बेणं म्हणून खड्ड्यात साठवलेलं निम्मं आलं महिन्याभरात मऊ पडून पाणी सुटलेलं, हे तुमचं वाचून राहवलं नाही. आमच्या कोरेगाव भागात मी हेच भोगलंय.

गादीवाफा, बेणेप्रक्रिया तुम्ही करतच असाल, त्यात जात नाही. तेव्हा मी नासलेलं आलं पिशवीत घालून एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी पिशवी उघडलीही नाही. "बुरशी आहे" म्हणाले आणि औषध लिहून दिलं. पुढच्या हंगामात ते वापरलं, तरी बेणं गेलंच. ऐन लागवडीत चढ्या भावाने विकत घ्यावं लागलं. खत काय दिलं, कधी दिलं, हे तिथे कुणीच विचारलं नाही. एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? याचा राग मला अजून आहे.

आपल्याकडची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद, ७५ किलो पालाश अशी आहे. स्फुरद-पालाश लागवडीलाच. नत्र, म्हणजे आपला युरिया, अर्धं उगवण झाल्यावर, उरलेलं उटाळणीला, म्हणजे अडीच-तीन महिन्यांनी गड्ड्याजवळची माती हलवतो तेव्हा. माझं मत विचाराल तर बेण्याच्या प्लॉटला त्यापुढे युरिया नकोच. ठिबक असलं की हात आवरत नाही, दिवाळीनंतरही सोडणं चालू राहतं. पाला हिरवा दिसतो म्हणून आपण खूश, पण आत गड्डा पक्व होत नाही. साल पातळ राहते, काढणीत सोलपटते आणि कूज तिथूनच शिरते. बुरशी असतेच, नाही म्हणत नाही, पण तिला वाट अशी मिळते. पालाश मात्र कमी पडू देऊ नका, आल्याची ती भूक मोठी.

जमीन प्रत्येकाची वेगळी, माती तपासूनच आकडे ठरवा. हिरवं आलं लगेच बाजारात नेणाऱ्याला हे एवढं लागू नाही. सुंठेला मात्र लागू आहे, कोवळं आलं वाळून हलकं भरतं.

जाता जाता, कच्चं शेणखत घालू नका, हुमणी (मुळं-गड्डे खाणारी अळी) येते. पाला पिवळा होऊन वाळेपर्यंत बेणं काढू नका, काढणीआधी पाणी तोडा आणि बेणं धुऊ नका. कुणी शीतगृह सुचवलं तर तापमान विचारा, १२ अंशांखाली आल्याला इजा होते.

तुम्ही शेवटचं नत्र कुठल्या महिन्यात दिलं, ते कळवा.