मूळ चित्र आणि त्याची प्रिंट, खरंच काही फरक असतो का?

तुम्ही लिहिलंय की हॉलसाठी कॅनव्हास प्रिंट घेऊन राहिलात, नि मित्र म्हणतात ओरिजिनल नसेल तर कशाला लावता. मित्रांचं सोडा. फरक असतो, पण ते म्हणतात तिथे नसतो.

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी आजीच्या देवघराशेजारी लक्ष्मी होती. कमळावर उभी, चार हात, मागे हत्ती, कॅलेंडरवर पाहिलीच असेल तुम्ही. खाली बारीक इंग्रजीत रवि वर्मा प्रेस, कारला-लोणावळा छापलेलं. म्हणजे तीही प्रिंटच. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छपाई दगडावरून व्हायची, दर रंगाला वेगळा दगड, त्यावर कारागिरांनी हाताने ठिपके द्यायचे, मग एकावर एक रंग छापायचे नि वरून वार्निश, तैलचित्रासारखी चमक यावी म्हणून. ज्यांना देवळात शिरू देत नव्हते त्यांच्याही घरी या कागदावरून देव गेला, ही लहान गोष्ट नाही.

आजीने फ्रेम करायच्या आधी साडीच्या काठावर टिकल्या नि जरीचा धागा शिवला होता. एका हाताजवळ सुई चुकली, तिथे कागदाला बारीक भोक होतं. संध्याकाळी समई लावली की फक्त तो काठ चमकायचा, आपण सरकलो की चमकही सरकायची.

आजी गेल्यावर एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली, कागद फुगला, तर दादाने तो दुकानात नेऊन स्कॅन केला नि मोठी प्रिंट काढून आणली. दुकानातल्या पोराने कॉम्प्युटरवर डाग साफ केले, त्यातच टिकल्या गेल्या, कारण स्कॅनमध्ये त्या पांढऱ्या धब्ब्यांसारख्याच आल्या होत्या. जुना कागद फुटक्या काचेसकट भंगारात. मी तेव्हा पुण्याला होते. दादा म्हणाला, "अगं चित्र तर तेच आहे नं, उलट रंग किती खुलले, आणि आधीचंही छापीलच होतं." त्यानंतर दोन वर्षं आमचं धड बोलणं नव्हतं.

छापीलच होतं, मान्य. छापखान्यातून निघाली तेव्हा तिच्यासारख्या ढीगभर होत्या, पण आमच्या भिंतीवर इतकी वर्षं काढून, आजीचा हात लागून, तशी दुसरी कुठेच राहिली नव्हती. दादाला हे आजही पटत नाही, नि मी आजही सोडलेलं नाही.

आता हेही सांगते, प्रिंटला मी नावं ठेवत नाही. रविवर्म्यांची बरीच मूळ चित्रं बडोद्याच्या राजवाड्यात आहेत, मी काही तिथे गेलेली नाही, साडीच्या घड्या त्यांनी कशा रंगवल्या हे मला मोबाईलवर झूम करूनच कळलं.

तर बिनधास्त घ्या. पिगमेंट शाईची, म्हणजे लवकर न फिकटणाऱ्या शाईची मागा, नि उन्हाच्या भिंतीवर लावू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात रंग उडतो. आणि घरातलं जुनं काही स्कॅनला दिलं असेल तर मूळ कागद हातात आल्याशिवाय दुकानातून हलू नका. घरचे म्हणतील काय करायचं ठेवून, तर वाद न घालता सरळ आपल्या कपाटात नेऊन ठेवा. दादाने स्कॅनला नेण्याआधी मला फोन केला होता. मी कामात होते, म्हटलं, कर तुला वाटेल तसं.